कार्डाला फाशी देण्याआधी

जुनं मिग मशीन (आपल्याकडे त्याला सर्रास सीओटू मशीन म्हणतात) अडखळलं की मेकॅनिकचं निदान तयार असतं, "कार्ड गेलंय साहेब, नवीनच घ्या." माझ्या मते कार्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आमच्या धंद्यात नाही का, सर्व्हरला शिव्या घालतो आणि केबलच सैल निघते!

जुन्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर सहसा दगा देत नाही. झिजतं ते वायरच्या वाटेवरचं स्वस्त सामान. टिपचं भोक लांबट होतं, आर्क थरथरतो. लायनरमध्ये भुकटी साचते. वायर घसरते म्हणून लोक रोलरचा दाब वाढवतात, मग वायर चेपते आणि जास्तच अडकते. वर अर्थचा क्लॅम्प रंगावरच लावलेला!

टिप काढा, टॉर्चची केबल सरळ धरा, ट्रिगर दाबा. (वायरमध्ये करंट असतो, जॉबला लागू देऊ नका.) सुरळीत आली तर टिप बदला. नाहीच आली तर टॉर्च फीडरवरून काढून बघा. आता चालली, तर बहुधा लायनरच.

मोटर मुळीच फिरत नसेल, फ्यूज आणि ट्रिगर ठीक असतील, तर मात्र कार्ड बघायला हरकत नाही. पण प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात, तेव्हा ते काम जाणकारालाच द्या.