गाणें हें तोंडीलावणें नव्हे

मेजवानीच्या तयारींत अलीकडे एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. पानांत कोशिंबीर कोणत्या बाजूस वाढावी हें ज्यांना सांगतां येत नाहीं, असे यजमानही जेवणाच्या वेळीं कोणती तबकडी लावावी याची चर्चा आठ आठ दिवस आधीं करूं लागले आहेत. ही हौस केवळ पुण्यामुंबईची राहिलेली नाहीं. तिकडे नोकरीस गेलेलीं आमच्या शिरड शहापूरचीं मुलें सुटींत घरीं येतांना तबकड्यांचें यंत्र बरोबर आणतात, आणि चार स्नेही जेवावयास बोलावले कीं एखादी तबकडी सुईखालीं ठेवून देतात. तबकड्यांचे दिवस परत आले आहेत हें खरेंच. अमेरिकेंत २०२० सालीं त्यांच्या विक्रीची रक्कम सीडींच्या विक्रीहून अधिक झाली, आणि असें १९८६ नंतर प्रथमच घडलें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती तबकडी निवडण्याच्या कसोटीबद्दल.

ही कसोटी कोणती? बोलण्याच्या आड न येणारें, मागें हळूं वाजत राहील असें कांहीं तरी असावें, ही. म्हणजे जें ऐकलें जाणार नाहीं तें उत्तम! पुस्तकाच्या दुकानांत जाऊन कोणी ‘उघडण्याची गरज पडणार नाहीं असें एखादें चांगलें पुस्तक द्या’ म्हटलें, तर दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहत राहील. गाण्याच्या बाबतींत मात्र हीच मागणी रसिकतेचें लक्षण ठरते.

या निवडींत गमतीही पुष्कळ होतात. पाहुणा उंबरठ्यांत पाऊल टाकतो तोंच भैरवी सुरू होते. मैफल संपली, आतां निरोप घ्यावा, असें जिनें सुचवावयाचें तिच्याकडूनच स्वागत! रात्रीच्या जेवणास सकाळची तोडी वाढली जाते. हे प्रमाद अज्ञानाचे आहेत, शिकल्यानें सुधारतील. पण बागेश्री किंवा मालकंस अचूक निवडला, तरी तो न ऐकण्यासाठींच निवडलेला असतो. मूळ दोष जातो कोठें?

मुळांत तबकडी ही किती श्रमांची वस्तु आहे तें पाहावें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें. तासभर खुलणारी चीज तीनसाडेतीन मिनिटांत बसवावयाची, कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि शेवटीं स्वतःचें नांव इंग्रजींत सांगावयाचें, असा तो काळ. १९४८ सालीं अमेरिकेंत व्हिनाइलची लांब वाजणारी तबकडी निघाली, तेव्हां एका बाजूस वीसबावीस मिनिटें मिळूं लागलीं. लाखेच्या तबकडीचीं मिनिटें मोजकीं, म्हणून थोर गवयांनीं त्यांत एकही स्वर फुकट घालविला नाहीं. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. परक्या ग्रहावर कोणी असेलच, तर त्यानें मनुष्यजातीची ओळख ज्यांवरून करून घ्यावी, तीं साडेतीन मिनिटें आम्ही वाट्याचमच्यांचा आवाज झांकण्यासाठीं वापरावीं काय?

यावर आमचे इंग्रजी शिकलेले स्नेही युरोपचा दाखला देतील. जेवणाच्या टेबलाचें संगीत तिकडे होतेंच कीं! होतें. टेलेमान या जर्मन संगीतकारानें १७३३ सालीं त्याच नांवाचा संग्रह प्रसिद्ध केला. पण तें संगीत त्याच कामासाठीं रचलेलें होतें. दुसऱ्या कामाचें ओढून आणलेलें नव्हतें. पॅरिसमध्यें १९२० सालीं एरिक साती यानें तर खोलींतल्या खुर्च्यामेजांसारखें, लक्ष न वेधणारें संगीत मुद्दाम तयार केलें. तें वाजूं लागतांच लोक गप्प बसून ऐकूं लागले, आणि बिचारा साती ‘बोला, फिरा’ म्हणून त्यांना विनवीत राहिला. न ऐकण्यासाठीं रचलेलेंही तिथें लोकांनीं ऐकलें. ऐकण्यासाठीं गाइलेलें आम्ही ऐकत नाहीं.

आपल्याकडेही जेवणाला नाद होता. लग्नांत सनईचौघडा दारांत वाजे. तो मोकळ्या जागेसाठींच असतो, त्याला गलबल्याचें वावडें नाहीं. पंगतींत एकेक जण श्लोक म्हणे, बाकीचे ऐकत आणि शेवटीं सर्व मिळून जयघोष करीत. त्या पंगतींत कोणास जागा होती आणि कोणास नव्हती, हा तिचा कलंक आम्ही झांकूं इच्छित नाहीं. पण म्हणणाऱ्याकडे कान द्यावा, हा तिचा रिवाज घेण्यासारखाच आहे.

आमच्याच तालुक्यांत औंढा नागनाथ आहे. पूजेंत व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनीं नामदेवांना देवळासमोरून उठविलें. ते मागें जाऊन कीर्तन करूं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें, ही कथा इकडे लहान मूलही सांगेल. तिचा इतिहास इतिहासकारांनीं तपासावा. अर्थ उघड आहे. पुजाऱ्यांना गाणें अडथळा वाटलें, दगडांना तें ऐकावेंसें वाटलें. आम्हां सुशिक्षितांच्या मेजवानींत तबकडी मिनिटाला तेहतीस वेळां फिरते. आमची मान एकदांही फिरत नाहीं.

तेव्हां यजमानांस आमची सूचना साधी आहे. जेवतांना पाहुण्यांना बोलूं द्यावें. बोलण्यासारखें कांहीं नाहीं म्हणून ज्या घरीं तबकडी लावावी लागते, तिथें चूक तबकडीच्या निवडीची नसून पाहुण्यांच्या निवडीची आहे. विडा झाला कीं एकच तबकडी काढावी; गाणारा कोण, राग कोणता, ती आपणांस कां आवडते, हें दोन वाक्यांत सांगावें, आणि तिची एक बाजू सर्वांनीं मिळून ऐकावी. जी लागल्यावर कोणासही बोलावेंसें वाटणार नाहीं, ती तबकडी योग्य. पाहुण्यांपाशीं वीस मिनिटांचा धीर नसेल, तर ती पाकिटांतच राहिलेली बरी.