बांधीव खंडांतील बंदिवास

मराठी समाज इतिहासाभिमानी म्हणून ओळखला जातो. जांभेकर, चिपळूणकर, टिळक ही नावे व्यासपीठावरून आदराने उच्चारली जातात. परंतु त्या पिढ्यांनी नियतकालिकांच्या पानांवर जे विचारधन मागे ठेवले, त्यातील एखादा विशिष्ट लेख हवा म्हणून अभ्यासक जुन्या ग्रंथालयात गेला, की बहुधा एकच उत्तर मिळते, 'कपाटात खंड आहेत, पाहून घ्या.' अभिमानाची खरी परीक्षा येथे होते आणि त्या परीक्षेत समाज अनुत्तीर्ण ठरतो.

दोष ग्रंथपालाचा नाही, पद्धतीचा आहे. पुस्तक आले की त्याची स्वतंत्र नोंद होते. मासिकाची मात्र सर्व वर्षांची मिळून एकच नोंद होते : नाव, प्रकाशनस्थळ आणि उपलब्ध वर्षे. त्या एका ओळीमागे शेकडो अंक आणि हजारो लेख गाडलेले असतात. कोणता अंक गहाळ आहे, कोणत्या अंकात कोणी काय लिहिले, याचा पत्ता लागत नाही. ज्या लेखाची नोंद नाही, तो वाचकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. ग्रंथ जाळणाऱ्यांचा निषेध सर्वच करतात. न नोंदवता विस्मृतीत लोटण्याचा निषेध कोण करणार?

मराठीपुरता तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे, कारण अर्वाचीन मराठी विचार प्रथम नियतकालिकांतच जन्मला. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले. १८६७ मध्ये सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'तून रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी वाचकांपुढे आली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्र्यांची 'निबंधमाला' अवतरली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३०च्या दशकात 'किर्लोस्कर' मासिकातून आले. यांतील बरेचसे पुढे ग्रंथरूपाने वाचले. परंतु त्याच पानांवरील वाद-प्रतिवाद, पुस्तक-परीक्षणे, वाचकांची पत्रे, मृत्युलेख आणि जाहिराती ग्रंथांत आल्या नाहीत. केवळ ग्रंथ वाचणाऱ्याला उत्तर मिळते. ते उत्तर कोणत्या प्रश्नाला दिले होते, हे कळत नाही.

हे काम अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय मराठी माणसाला उरलेली नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीही संगणक नसताना. दाते, काळे आणि बर्वे यांच्या नावावर असलेली १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या, लेखणी आणि निष्ठा एवढ्याच भांडवलावर उभे राहिलेले हे वाग्यज्ञ आहेत. परदेशातील उदाहरणही बोलके आहे. अमेरिकेत विल्यम पूल यांनी येल येथे विद्यार्थी असतानाच १८४८ मध्ये नियतकालिकांतील लेखांची सूची छापली. जे एका विद्यार्थ्याला सुचले, ते संस्थांना का सुचू नये?

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की, सर्व पाने स्कॅन करून टाकावीत, म्हणजे सूचीची गरजच उरणार नाही. हा भ्रम आहे. छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. नाव नसलेल्या हजारो छायाचित्रांची संगणकीय थप्पी ही जुन्या कपाटाचीच नवी आवृत्ती होय. झिजलेल्या खिळ्यांची जुनी छपाई वाचताना यंत्र अडखळते. यंत्राने अक्षरे अचूक वाचली, तरी 'गोविंदाग्रज' आणि 'बाळकराम' ही दोन्ही नावे राम गणेश गडकरी यांचीच आहेत, हे त्या पानावर लिहिलेले नसते. अंकावर केवळ शके असेल, तर इसवी सनाशी मेळ कोणी घालायचा? निनावी लेखाचा कर्ता कोणी शोधायचा? हे काम जाणकार माणसाचे आहे. स्कॅनिंग अवश्य व्हावे, कारण लाकडाच्या लगद्याचा जुना कागद पिवळा पडून बोटांखाली चुरत आहे. परंतु नोंदीवाचून ते अपुरेच राहील.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. अनुदानासाठी ग्रंथसंख्या मोजली जाते, येणाऱ्या नियतकालिकांची संख्याही मोजली जाते. त्यांतील किती लेख वाचकाला शोधता येतात, याचीही मोजणी व्हावयास हवी. सभागृहांच्या नूतनीकरणाला देणगीदार मिळतात, कारण तेथे संगमरवरी पाटी लागते. सूचीला पाटी लावता येत नाही, एवढाच तिचा अपराध!

वस्तुतः साधने हाताशी आहेत. 'कोहा'सारखी ग्रंथालयीन संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. लेखाची स्वतंत्र नोंद करून ती मूळ नियतकालिकाच्या नोंदीशी जोडण्याची सर्वमान्य पद्धतही आहे. शीर्षक, लेखक, टोपणनाव, वर्ष, अंक, महिना, पृष्ठे आणि विषय एवढे नोंदवले, तरी लेख बंदिवासातून मुक्त होतो. जुन्या ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घ्यावीत, सर्वांनी नोंदीचा एकच नमुना वापरावा, म्हणजे तेच काम दोनदा होणार नाही. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, गृहिणी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी ग्रंथपालाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन तास दिले, तर वर्षभरात कितीतरी खंड बोलके होतील. घरातील जुने अंक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयात विचारणा करणे, हेही या कार्यातील योगदानच.

पूर्वजांचे पुतळे उभारणे सोपे असते. त्यांनी लिहिलेले शोधून वाचणे कष्टाचे असते. कागद कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही. जो समाज आपल्या विचारांची नोंद स्वतः ठेवत नाही, त्याचा इतिहास इतरांनी आपल्या सोयीने लिहिला, तर तक्रार करण्याचा अधिकारही तो गमावून बसतो.