आडोशातला तिरंदाज आणि उघड्यावरचा लांडगा

रात्रीची जेवणे झाली आहेत. टेबल पुसून त्यावर कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे मांडले आहेत. भोवती पाच मित्रमैत्रिणी बसल्या आहेत. त्यांतला एक जण गोष्ट सांगतो आहे. "किल्ल्याची मागची बाजू. छोटा दरवाजा, मशालीचा उजेड, दोन पहारेकरी. तू काय करतेस?"

ज्या मुलीला हा प्रश्न विचारला, ती थोडा विचार करून म्हणते, "मी झाडाआड थांबते. लांडग्याला पुढे पाठवते."

टेबलावर एकदम शांतता पसरते. लांडगा परत येईल की नाही, हे आता फासा ठरवणार असतो.

हा खेळ म्हणजे 'डन्जन्स ॲन्ड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी कोणाला हरवतही नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या प्रसंगात उतरतात. काम कठीण असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगचे गुण मिळवायचे आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठायचा. आकडा गाठला की काम फत्ते.

या खेळात अनेकांना हमखास भुरळ घालणारे एक पात्र आहे. रानात वाढलेला, पावलांचा आवाज न करणारा, सोबत एखादे जनावर बाळगणारा योद्धा. इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम आणि त्याचा लांडगा ज्यांनी लहानपणी वाचला, त्यांना ही आवड समजावून सांगायला नको. खेळात या योद्ध्याला 'रेंजर' म्हणतात. १९७५ मध्ये एका नियतकालिकातून तो प्रथम आला आणि १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत कायमचा दाखल झाला. १९८८ च्या 'द क्रिस्टल शार्ड' या आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचा रेंजर आणि त्याची काळी जादूई चित्तीण आली, आणि या जोडीची लोकप्रियता आणखी वाढली.

पात्र मनासारखे उभे करणे मात्र सोपे नाही. नवख्या खेळाडूचा हिशेब बहुधा पहिल्याच रात्री चुकतो.

आधी गुणांची वाटणी

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहा गुणांसाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे ठरीव आकडे दिले आहेत. लपूनछपून लढणाऱ्याने १५ चा आकडा चपळाईला द्यावा, कारण धनुष्य चालवणे, वार चुकवणे आणि लपणे ही तिन्ही कामे तिच्यावरच चालतात. १४ चा आकडा शहाणपणाला द्यावा. रेंजरचे मंत्र आणि चाहूल घेणे त्यावर अवलंबून असते. १३ चा काटकपणाला. ताकदीला मागे ठेवले तरी चालते. पात्र वनवासी एल्फ जातीचे घेतले, तर चपळाईत २ आणि शहाणपणात १ अशी भर पडते.

चिलखत निवडताना लोभ आवरावा. खवल्यांचे चिलखत अंगाला जास्त जपते, पण ते खुळखुळते. ते घालून लपायचे तर फासा दोनदा टाकून कमी पडलेला आकडा घ्यावा लागतो. टिकल्या ठोकलेले कातडी चिलखत या कामाला उत्तम.

दोघांचा हिशेब वेगळा

आता जनावराकडे वळू. रेंजरने तिसरी पायरी गाठली, की 'बीस्ट मास्टर' ही शाखा घेता येते आणि प्राणी-साथी मिळतो. २०१४ च्या नियमात एक मोठी खोट होती. जनावराने चावावे असे वाटत असेल, तर त्या खेपेला मालकाला स्वतःचा वार सोडावा लागे. पाचव्या पायरीनंतर एक वार परत मिळे, पण तोवर दोघांत मिळून एकाचेच काम होई. खेळाडूंची नाराजी वाढली, २०१६ मध्ये चाचणीसाठी सुधारित नियम निघाले आणि अखेर २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात नव्या धर्तीचा साथी आला. जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला, असे त्याचे तीन प्रकार. लांडगा हवा की बिबळ्या, घार हवी की घुबड, ते खेळाडूने ठरवायचे. २०२४ च्या नव्या खेळाडू-पुस्तिकेतही हा साथी कायम आहे.

पण जनावर आले की लपणाऱ्यांची संख्या दोन होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, पाचव्या पायरीवरच्या रेंजरला लपण्यासाठी ६ गुणांची भर आहे आणि त्याच्या लांडग्याला ५ ची. सूत्रधाराने १२ हा आकडा ठरवला. रेंजर निसटण्याची शक्यता शंभरात ७५, लांडग्याची ७०. दोघेही न दिसण्याची मात्र शंभरात साधारण ५२! एकट्याने जाणे बरे होते, असे इथे वाटू लागते.

यावर उतारा म्हणजे 'पास विदाउट ट्रेस' हा मंत्र. रेंजरला तो पाचव्या पायरीपासून मिळू शकतो. मन एकाग्र ठेवले तर तो तासभर टिकतो आणि लपण्याच्या फाशात तब्बल १० ची भर घालतो, तीही जवळच्या साथीदारांसकट. वरच्या उदाहरणात मग कितीही कमी फासा पडला तरी दोघे पहारेकऱ्यांच्या नजरेआड राहतात. अट एकच. साथीदार ३० फुटांच्या आत हवा. लांडग्याला दूर पुढे पाठवले, की तो या छत्राबाहेर पडतो आणि उघडा पडतो.

बोनस कृती एकच

लपलेल्या योद्ध्याच्या बाणाला खरी धार येते ती 'ठक' या दुसऱ्या वर्गाची एक-दोन पायऱ्यांची शिकवण घेतल्यावर. या वर्गाचा 'स्नीक अटॅक' हा डाव असा, की ज्याच्यावर नेम धरला त्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा एखादा शत्रू उभा असेल आणि नेम धरणाऱ्याला दुसरी काही अडचण नसेल, तर वार जास्त लागतो. तो दुसरा शत्रू म्हणजे आपला लांडगा. त्याने चावायचीही गरज नाही, नुसते समोर उभे राहिले तरी पुरे.

ठकाच्या दुसऱ्या पायरीवर पटकन लपायची कला मिळते. ती 'बोनस कृती' म्हणून वापरायची असते. अडचण इथेच आहे. दर खेपेला बोनस कृती एकच मिळते, आणि लांडग्याला हुकूम द्यायलाही तीच लागते. आपला एक वार सोडूनही लांडग्याला चावायला सांगता येते, पण मग बाण कमी पडतो. मालक स्वतः लपला आणि वारही त्याने स्वतःच केला, तर लांडग्याला हुकूम मिळत नाही. तो जागा बदलू शकतो, अंग चोरून वार चुकवू शकतो, पण शत्रूच्या तावडीतून अलगद सुटून येणे त्याला हुकमाशिवाय जमत नाही. थोडक्यात, मालक आडोशाला जातो आणि जनावर उघड्यावर राहते.

आणखी एक गोष्ट पाहा. जमिनीवरच्या साथीच्या जिवाचे गुण मालकाच्या रेंजर-पायऱ्यांवर मोजतात. मुळात ५ आणि दर पायरीला आणखी ५. पाच पायऱ्यांच्या रेंजरचा लांडगा ३० गुणांचा. मालक ठकाच्या दोन पायऱ्या चढला तर त्याची स्वतःची धार वाढते, पण लांडगा तीसवरच राहतो. त्याच दोन पायऱ्या रेंजर म्हणून चढला असता, तर लांडगा ४० चा झाला असता. मालकाच्या कसबाची किंमत कोणाच्या कातड्यातून जाते, ते कागदावर स्पष्ट दिसते.

नियमांनी यावर थोडी फुंकर घातली आहे. साथी मेला, तर तासाभराच्या आत त्याला हात लावून आणि मंत्राचा एक साठा खर्चून परत उठवता येते. म्हणून जाणते खेळाडू सगळे मंत्र कधीच संपवत नाहीत, एक तरी राखून ठेवतात. ज्यांना जनावर धोक्यात घालायचेच नाही, त्यांनी आकाशातला साथी घ्यावा. त्याच्या जिवाचे गुण कमी, पण शत्रूजवळून उडून जाताना त्याच्यावर मागून वार होत नाही. तो पाहणी करून परत येतो.

शेवटी निवड कोणाची?

सगळे आकडे मांडून झाले तरी एक गोष्ट आकड्यांत मावत नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर भावंडे आणि द्रौपदी एकेक करून मागे पडली, पण धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात चढायला नकार दिला. ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. टेबलावरच्या या खेळात तोच प्रश्न लहान रूपात, हसतखेळत, पण वारंवार समोर येतो. हाताशी हुकूम एकच आहे. तो स्वतःला लपवायला वापरायचा, की साथीदाराला परत आणायला?

झाडाआड थांबलेल्या त्या मुलीचा लांडगा तीस फुटांच्या बाहेर गेला होता. फासा तीनवर पडला. पहारेकऱ्याने मशाल वर केली, भाला रोखला. मित्रांनी सुचवले, "तू लप, बाण मार. तो अडकलाय तोवर नेम चांगला लागेल." हिशेबाने ते बरोबरच होते.

तिने कागदावरचे आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाली, "नको. त्याला परत बोलावते."

त्या रात्री दरवाजा उघडला नाही. पुढच्या वेळी मात्र लांडगा तिच्या पायाशीच चालत होता, तीस फुटांच्या आत.