नफा कागदावर, पैसा उधारीत

नवा उद्योग बंद पडला की त्याची कारणे सहसा बाजारात शोधली जातात. मागणी नव्हती, स्पर्धा तीव्र होती, माल महाग पडला, अशी उत्तरे मिळतात. ती सर्वस्वी चुकीची नसतात. मात्र भोसरी, वाळूज, सातपूर किंवा गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखान्यांचा अनुभव वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. हातात ऑर्डर असतात, मालाला खोट नसते, ताळेबंदात नफाही दिसतो. तरीही महिनाअखेरीस पगाराला पैसे नसतात. पहिल्या पिढीच्या उद्योजकाची खरी कसोटी येथे लागते आणि तिची तयारी उद्योग सुरू होण्यापूर्वीच करावी लागते.

एक साधा हिशेब पाहू. एखाद्या कारखान्याची मासिक विक्री १० लाख रुपये आणि खर्च ९ लाख रुपये आहे, असे धरले तर दरमहा १ लाखाचा नफा होतो. बिल महिनाअखेरीस निघते आणि खरेदीदार ९० दिवसांनी पैसे देतो. म्हणजे पहिला रुपया हाती येईपर्यंत चार महिने उलटतात आणि कच्चा माल रोखीने घ्यावा लागत असेल तर तोवर ३६ लाख रुपये खर्ची पडलेले असतात. कागदावर मात्र ४ लाखांचा नफा झळकत असतो. हेच पैसे ४५ दिवसांत मिळाले तर गुंतणारी रक्कम सुमारे साडेबावीस लाखांवर येते. मधल्या साडेतेरा लाखांचा भार कोणीतरी उचलायचा असतो आणि तो बहुधा घरच्या दागिन्यांवर किंवा खासगी सावकाराच्या चढ्या व्याजावर पडतो.

यात वस्तू व सेवा कराची भर पडते. नियमित करदात्याची मालावरील करआकारणी बिलाशी जोडलेली असते, वसुलीशी नव्हे. खरेदीदाराकडून पैसे आले नसले तरी पुरवठादाराने पुढच्या महिन्यात विवरणपत्रासोबत कर भरायचा असतो. खरेदीवरील कराची वजावट मिळते हे खरे; पण उरलेला फरक खिशातूनच द्यावा लागतो. लहान कारखानदार अशा वेळी आपल्या मोठ्या ग्राहकाला एका अर्थाने बिनव्याजी कर्जच देत असतो.

कायद्याचे बळ

हा प्रश्न सरकारला अपरिचित नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावेत; करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची, असे त्याचे कलम १५ सांगते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज देण्याची जबाबदारी कलम १६ ने खरेदीदारावर टाकली. वाद झाल्यास राज्यातील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. तक्रारी ऑनलाइन नोंदवण्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ संकेतस्थळही आले.

कागदावर याहून कठोर तरतूद शोधणे कठीण. तरीही अनेक वर्षे उधारीची प्रथा फारशी बदलली नाही, याचे कारण कायद्यात नसून बाजारातील ताकदीच्या विषमतेत आहे. ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर हवी आहे त्याच्याविरुद्ध आज तक्रार करणे लहान पुरवठादाराला परवडत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्यामुळे हक्क असूनही तो वापरला जात नाही.

ही कोंडी ओळखून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३बी (एच) आणले आणि ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाले. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येईल, असा त्याचा आशय. वर्षअखेरीस पैसे थकवणाऱ्याचा करपात्र नफा त्यामुळे वाढतो. पुरवठादाराने तक्रार न करताही खरेदीदारावर दडपण यावे, ही यामागील कल्पना. मात्र २०२४ च्या प्रारंभी व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली आणि लहानांऐवजी मध्यम किंवा नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे ऑर्डर वळतील, अशी भीतीही व्यक्त झाली. ही भीती निराधार म्हणता येत नाही. कारण मध्यम उद्योग या तरतुदीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

दुसरा मार्ग ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेचा. खरेदीदाराने मान्य केलेली बिले येथे ऑनलाइन मांडली जातात, वित्तसंस्था त्यांवर बोली लावतात आणि पुरवठादाराला व्याज वजा करून पैसे लवकर मिळतात. पुढे खरेदीदाराने पैसे चुकवले तरी वित्तसंस्था पुरवठादाराकडे वसुलीसाठी येत नाही. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत या व्यवस्थेत दाखल व्हावे, असा आदेश केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढला. परंतु दाखल होणे वेगळे आणि प्रत्येक बिल वेळेत मान्य करणे वेगळे. बिलाला खरेदीदाराची मान्यता मिळत नाही तोवर ही सोय कागदावरच राहते.

नव्या उद्योजकाने काय शिकावे?

पहिला धडा नोंदणीचा. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनाशुल्क आहे. पुरवठा केल्यानंतर नोंदणी करून आधीच्या व्यवहारांसाठी कायद्याचा लाभ मागता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मधील एका निकालात घेतली. २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. न्यायालयीन वादाचा निकाल काहीही लागो, पहिला माल दाराबाहेर पडण्यापूर्वी नोंदणी झालेली असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना २०२१ मध्ये जी नोंदणी खुली झाली, ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती मर्यादित होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा धडा कागदपत्रांचा. तोंडी शब्दावर चालणारा व्यवहार वसुलीच्या वेळी लंगडा पडतो. परचेस ऑर्डरवर देयकाची मुदत लिहून घेणे आणि माल पोहोचल्याच्या चलनावर तारखेसह सही घेणे आवश्यक आहे. मालाबद्दल खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल मिळाला तोच स्वीकृतीचा दिवस कायदा मानतो. ती तारीख सिद्ध करता आली नाही, तर मुदत कधी संपली हेच ठरत नाही.

तिसरा धडा भांडवलाच्या रचनेचा. नवउद्योजक बहुतेक पैसा यंत्रे, जागा आणि सजावटीत घालतो व खेळते भांडवल ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतो. अनुदानावर विसंबणेही धोक्याचे. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून अडकवून ठेवण्याची पद्धत ठरली. ती पगाराच्या उपयोगाची नसते. म्हणून बँकेपुढे प्रकल्प अहवाल ठेवतानाच उधारीचे दिवस मोजून कॅश क्रेडिटची मर्यादा मागितली पाहिजे. घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवणे ही त्याचीच दुसरी बाजू होय.

चौथा धडा ग्राहकांच्या संख्येचा. एकाच बड्या कंपनीवर बहुतांश उलाढाल अवलंबून असेल, तर कोणताही कायदा त्या कारखान्याला फार काळ वाचवू शकत नाही. दुसरा आणि तिसरा ग्राहक मिळवणे हेच वसुलीचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे. कारण नाही म्हणण्याची ताकद त्यातूनच येते.

महाराष्ट्राच्या उद्योगपरंपरेत याचे दाखले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगराला पहिला ग्राहक मिळायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. चारा कापण्याची यंत्रे हे उत्पादन मात्र त्यांच्याकडे आधीपासून होते. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. देणग्या न घेण्याचा आणि लाटणावळ रोजच्या रोज चुकती करण्याचा शिरस्ता तेथे पडला. रोजची मजुरी द्यायची तर विक्रीचे पैसे लांबवून चालत नाही, ही शिस्त त्यात आपोआप आली.

उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे जुने लोक म्हणत. उधारी पूर्णपणे टाळणे आजच्या व्यापारात शक्य नाही. पण किती द्यायची, किती दिवसांची आणि कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्याच ऑर्डरच्या आनंदात गमावला, तर तो परत मिळवायला वर्षे लागतात. सरकारने मुदत ठरवून दिली आहे. ती पाळून घेण्याचे बळ उद्योजकालाच कमवावे लागेल. मोठ्या कंपन्यांनीही ओळखले पाहिजे की थकलेल्या प्रत्येक बिलामागे कुणाचा तरी पगार अडलेला असतो आणि पुरवठादारच कोलमडला तर उद्याचा सुटा भाग येणार कोठून, हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा राहणार आहे.