केंद्रे जाहीर झाली, परिचारिकांचे काय?

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना, तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. त्यांपैकी दोनशे केंद्रे २०२५-२६ मध्येच व्हायची होती. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम ठोकणारी परप्रांतीय कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या घोषणेचे मोल सांगावे लागत नाही. मात्र या केंद्रांत रुग्णाच्या शिरेत औषध सोडणार कोण, याचा उल्लेख भाषणातील त्या दोन वाक्यांत नव्हता.

केमोथेरपीची मात्रा डॉक्टर ठरवतो; ती शरीरात जाते परिचारिकेच्या हातून. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर पाझरले तर भोवतालची त्वचा जळून निघते. व्हिन्क्रिस्टिन चुकून मणक्यातील द्रवात गेले, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. उपचारानंतर आठ-दहा दिवसांनी घरी येणारा ताप हा साधा ताप नव्हे, हे नातेवाइकांना आधीच बजावून ठेवावे लागते. तालुक्याच्या गावाहून आलेला रुग्ण संध्याकाळी घरी परतणार असेल, तर हे काम अधिकच जोखमीचे. औषध सांडल्यास ते कसे आवरायचे, हा तर परिचारिकेच्या स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न.

अभ्यासक्रम नाही, असे मुळीच नाही. नोंदणीकृत परिचारिकांसाठी कर्करोग परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे. अडचण आहे ती सेवाशर्तींत. सरकारी नोकरीतील बढती मुख्यतः ज्येष्ठतेवर चालते. पदविका घेतलेली परिचारिका बदलीच्या फेऱ्यात उद्या प्रसूतिकक्षात गेली, तरी कोणताही नियम मोडत नाही. असे असताना वर्ष खर्ची घालून पदविका घ्यावी कोणी? ज्या घेतात, त्यांना खासगी रुग्णालये आणि परदेशातील नोकऱ्या खुणावतातच.

२०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर झाली. त्यातून पदवीधर वाढतील, विशेषज्ञ नव्हेत. त्याच वर्षी १९४७ च्या कायद्याची जागा घेणारे राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचे विधेयक आले. मणिपूरवरील गदारोळात लोकसभेने ते २८ जुलै रोजी आवाजी मतदानाने संमत केले. इतक्या महत्त्वाच्या विषयाला याहून शांत सभागृह मिळायला हवे होते. या कायद्यात शिक्षण, मूल्यांकन आणि नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळांची तरतूद आहे. दर्जा ठरवण्याचा अधिकार त्यांना मिळाला, तरी पदे निर्माण करण्याचा नाही.

कारण सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. केंद्रांची घोषणा दिल्लीतून होते, जिल्हा रुग्णालयातील पदे राज्याचा वित्त विभाग मंजूर करतो आणि प्रशिक्षणाचा सर्वाधिक अनुभव असलेले टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आरंभ भागेलही. पण प्रशिक्षित परिचारिकेची किमान पाच वर्षे बदली होणार नाही आणि पदविकेसाठी वेगळा भत्ता मिळेल, एवढ्या दोन अटी केंद्रीय निधीला जोडण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत एखाद्या खासदाराने हा प्रश्न विचारला, तर मंत्र्यांना केंद्रांच्या संख्येपलीकडचे उत्तर द्यावे लागेल.