सूर्य पूर्वेला मावळतो तेव्हा

मालवणच्या पर्यटन जाहिरातींत ग्रेडियंटचा सढळ वापर दिसतो. फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये एक रेघ ओढली की एका रंगातून दुसऱ्यात अलगद उतरणारी छटा आकाशावर चढते. या साधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. लख्ख आकाश आणि काळसर तटबंदी यांच्या उजेडातला फरक डोळा सहज सांभाळतो, कॅमेऱ्याला तो पेलत नाही. म्हणून पूर्वी भिंगापुढे अर्धी गडद काच लावत, आज तेच काम ग्रेडियंट करतो. मात्र उजेड सावरण्याच्या निमित्ताने वेळ, दिशा आणि ऋतू बदलू लागले, की तिथे थांबायला हवे.

सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या पश्चिमेला, कुरटे बेटावर आहे. किनाऱ्यावरून पाहताना मावळतीची नारिंगी छटा तटामागे शोभते. पण किल्ल्यावरून गावाकडे टिपलेल्या फोटोला तीच तयार छटा लावली, तर सूर्य पूर्वेला मावळतो! घरांच्या समुद्राकडील भिंतींवर ऊन, आणि तांबूस आकाश त्यांच्या पाठीमागे. सरळ ग्रेडियंटला बुरूज आणि आकाश यांतला फरकही कळत नाही. मास्कने, म्हणजे तो भाग झाकून, वगळले नाही, तर क्षितिजावर डोकावणारा तट आणि सुरूचे शेंडे सारेच काळवंडते. शिवाय आठ बिटांच्या फोटोत प्रत्येक मूळ रंगाला २५६च पायऱ्या. त्यांतल्या ४० पायऱ्या २,००० पिक्सेल उंचीच्या आकाशावर ताणल्या, तर ५०-५० पिक्सेलचे पट्टे उमटू शकतात. सोळा बिटांत काम करून शेवटी किंचित नॉइज, म्हणजे बारीक विखुरलेले ठिपके, मिसळला, की ते बरेचसे बुजतात.

जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती चालायचीच, असे कुणी म्हणेल. जपानच्या हिरोशिगेच्या लाकडी ठशांच्या चित्रांतही आकाशाची छटा हातानेच आणलेली असे, हेही खरे. पण ती चित्रे म्हणूनच पाहिली जात. निवासाच्या जाहिरातीतला फोटो गिऱ्हाईक पुरावा म्हणून पाहते. उथळ वाळूवरचे फिकट पाणी, पुढचे गडद पाणी, पावसाळ्यात कर्ली नदीच्या मुखाशी येणारा गढूळपणा, हे सारे रंग त्या समुद्राची माहिती सांगतात. त्यांवर निळी-हिरवी छटा फिरवली की ती माहितीच पुसली जाते. तेव्हा उजेड हवा तितका सावरावा. रंग बदलले तर फोटोखाली तसे लिहावे आणि महिनाही द्यावा. न्याहारी-निवास चालवणाऱ्यांचा यात तोटा नाही. जुलैतला समुद्र कसा असतो हे आधीच पाहून आलेला पाहुणा पाऊस अनुभवायला येतो, हुज्जत घालायला नाही.