किरणोत्सर्गाचे मोजमाप आणि मापाबाहेरची माणसे

२०१० सालच्या एप्रिल महिन्यात पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात काही माणसे आजारी पडली. कातडी काळवंडणे, केस गळणे, उलट्या होणे ही लक्षणे साध्या रोगाची नव्हती. तपासाअंती उघड झाले ते असे : दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडून असलेले एक गॅमा किरणांचे उपकरण त्याच वर्षी फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. शिशाचे कवच फुटले आणि आतील कांड्या उघड्या पडल्या. बाधितांपैकी एक जण दगावला.

कोबाल्ट-६० ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. पंचवीस वर्षांत ती सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर येते. एवढा अवशेषही प्राणघातक ठरला.

हे कसे घडते हे समजण्यासाठी मोजमापाकडे वळले पाहिजे. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे होय. सर्वांगाला अल्पावधीत सुमारे ४ ग्रे मात्रा मिळाली व उपचार झाले नाहीत, तर बाधितांपैकी निम्मे दगावतात. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत ही ऊर्जा अवघी २८० ज्यूल भरते. गरम चहाच्या एका घोटातही याहून अधिक उष्णता असते! घात होतो तो ऊर्जेच्या राशीमुळे नव्हे. हे किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात आणि सतत विभाजन पावणाऱ्या पेशी, म्हणजे अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर, प्रथम बळी पडतात. शरीराला या किरणांची चाहूल देणारे इंद्रिय निसर्गाने दिलेले नाही. म्हणूनच उपकरणावाचून गत्यंतर नाही.

हे उपकरण कोणाच्या छातीवर असते? क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ वा अणुभट्टीतील कर्मचारी बिल्ला लावतो. ठरावीक मुदतीने त्याची तपासणी होऊन मात्रेची नोंद होते. त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, तर सामान्य नागरिकासाठी १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. म्हणजे कागदावर भंगारवाल्याला तंत्रज्ञापेक्षा वीसपट कडक संरक्षण आहे. प्रत्यक्षात त्याची मात्रा मोजणारा कोणी नाही. त्याच्या शरीरात किती किरणोत्सर्ग गेला हे मागाहून, त्याचे रक्त काढून, पेशींतील मोडलेली गुणसूत्रे मोजून अदमासाने ठरवावे लागते.

याचे मूळ भौतिकशास्त्रापेक्षा हिशेबात अधिक आहे. डेड स्टॉक रजिस्टरात किरणोत्सर्गी उपकरण आणि मोडकी खुर्ची यांचे निर्लेखन एकाच रीतीने होऊ शकते. लिलावाच्या बोलीत शिसे-पोलादाची किंमत धरली जाते, विल्हेवाटीचा खर्च मात्र शून्य. तो नाहीसा होत नाही. ज्याला आपण काय विकत घेतले हेच ठाऊक नाही, अशा खरीददाराच्या मजुरावर तो पडतो. तेव्हा असे उपकरण घेतानाच विल्हेवाटीची रक्कम संस्थेकडून अनामत घ्यावी आणि मूळ स्रोत सुरक्षितपणे परत गेल्याच्या दाखल्याशिवाय निर्लेखनाचा ठराव लेखापरीक्षकाने मान्य करू नये.